विश्लेषण : ताशी ६५४ किमी वेग, तरीही विक्रम नाही! मिकी थॉम्पसनची अर्धी धाव काय सांगते?

९ सप्टेंबर १९६०. अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिलचे मिठाचे मैदान. मिकी थॉम्पसन या ३१ वर्षांच्या तरुणाने स्वतः बांधलेली गाडी मोजणीच्या टप्प्यातून ताशी ४०६.६० मैल, म्हणजे सुमारे ६५४ किमी वेगाने नेली. ताशी ४०० मैलांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला अमेरिकी चालक ठरला. तरीही त्या संध्याकाळी विक्रमांच्या नोंदवहीत नाव होते ते १३ वर्षांपूर्वी ताशी ३९४.१९६ मैलांचा विक्रम करणाऱ्या ब्रिटिश चालक जॉन कॉबचेच. कारण थॉम्पसन गेला, पण त्याच वेगाने परत येऊ शकला नाही. इंजिनाची ताकद आणि ती पेलणारे भाग यांच्यातली ही दरी काय असते? ड्रॅग रेसिंगच्या सुरुवातीच्या काळात टायर का धुमसत आणि इंजिने का फुटत? थॉम्पसनच्या आयुष्यातून ते समजून घेऊ.

कोण होता मिकी थॉम्पसन?

मूळ नाव मॅरियन ली थॉम्पसन. जन्म ७ डिसेंबर १९२८, कॅलिफोर्नियातील अल्हाम्ब्रा. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात तरुणांना जुन्या गाड्या स्वस्तात मिळत. त्या खोलायच्या, वजन कमी करायचे, मोठे इंजिन बसवायचे आणि कोण पुढे जातो ते पाहायचे, हा तिथला छंद होता. अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणत. थॉम्पसन याच पिढीतला. पोटापाण्यासाठी तो ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या छापखान्यात छपाई यंत्रावर काम करायचा आणि उरलेला वेळ एल मॉन्टे येथील गॅरेजमध्ये घालवायचा. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. मोडलेला भाग हातात घेऊन तो का मोडला याचा विचार करणे, हीच त्याची शिकण्याची पद्धत होती.

ड्रॅग रेसिंग म्हणजे नेमके काय?

सरळ रस्ता, दोन गाड्या, जागेवरून सुरुवात आणि पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर. जो आधी पोहोचेल तो जिंकला. वळण नाही, पिट स्टॉप नाही, डावपेचांना फारसा वाव नाही. सुरुवातीला या शर्यती रस्त्यांवर आणि वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर होत. अपघात आणि पोलिसांची कारवाई वाढली, तेव्हा १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन म्हणजे एनएचआरए ही संस्था स्थापन केली आणि खेळाला नियम आले. १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. थॉम्पसन आपली नव्या रचनेची गाडी घेऊन तिथे होता.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसजवळ लायन्स ड्रॅग स्ट्रिप ही धावपट्टी सुरू झाली. तिचा पहिला व्यवस्थापक थॉम्पसनच होता. रस्त्यावर जिवावर उदार होणाऱ्या मुलांना चार पैशांत सुरक्षित जागा मिळावी, हा अशा धावपट्ट्यांमागचा हेतू होता. लायन्स पुढे या खेळातील सर्वात प्रसिद्ध पट्ट्यांपैकी एक झाली.

ताकद असूनही गाडी जागेवर का राहते?

पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या मोटारसायकलला एकदम ॲक्सिलरेटर दिला की मागचे चाक गरागरा फिरते, पण गाडी हलत नाही. ड्रॅग रेसिंगची मूळ अडचण हीच आहे. इंजिन कितीही जोरदार असो, गाडी पुढे जाते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. टायर रस्त्याला धरून असतो तोवर घर्षण जास्त असते. तो एकदा घसरू लागला की घर्षण कमी होते आणि इंजिनाची ताकद धूर व उष्णतेत वाया जाते.

१९५० च्या दशकातील छायाचित्रांत आणि चित्रफितींत मागच्या चाकांतून धुराचे लोट निघताना दिसतात. प्रेक्षकांना ते आवडायचे. पण तो धूर म्हणजे रस्त्यावर न उतरलेली ताकद होती. इंजिने वेगाने सुधारत होती, टायर मागे पडले होते. त्यामुळे अनेक गाड्या सुरुवातीच्या रेषेपासून शेवटपर्यंत टायर जाळतच धावायच्या.

मग चालक मुद्दाम टायर का जाळतात?

आज शर्यतीच्या आधी चालक जागेवरच चाके फिरवून धूर काढतात. त्याला बर्नआउट म्हणतात. हा केवळ दिखावा नसतो. त्यामुळे तीन गोष्टी होतात. टायरवर चिकटलेली धूळ आणि खडे निघून जातात, रबर तापून चिकट होते आणि सुरुवातीच्या रेषेवर रबराचा पातळ थर बसतो. तापलेले रबर त्या थराला अधिक चांगले धरते.

ही पद्धत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. चाक सहज फिरावे म्हणून त्या वेळी टायरखाली ब्लीच ओतत. पुढे त्याची जागा साध्या पाण्याने घेतली. म्हणजे धूर तोच, पण अर्थ उलटा झाला. शर्यत चालू असताना निघणारा धूर हे अपयश, तर शर्यतीआधी काढलेला धूर ही तयारी.

‘स्लिंगशॉट’ची कल्पना काय होती?

टायरची पकड वाढवण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे त्याच्यावर वजन टाकणे. पण गाडीचे एकूण वजन वाढवले तर वेग घटतो. मग आहे तेच वजन मागे सरकवायचे. १९५४ च्या सुमारास थॉम्पसनने नेमके हेच केले. त्याने इंजिन मागे ओढले आणि चालकाची जागा थेट मागच्या आसाच्याही मागे नेली. चालकाचे वजन, जे आधी जवळपास वाया जात होते, ते आता मागची चाके जमिनीवर दाबू लागले.

गलोलीच्या रबरात दगड बसावा तसा चालक गाडीच्या टोकाला बसलेला दिसे. म्हणून या रचनेला स्लिंगशॉट म्हणजे गलोल हे नाव पडले. अशी पहिली गाडी बांधण्याचे श्रेय सहसा थॉम्पसनला दिले जाते. ग्रेट बेंडच्या स्पर्धेत तिने ताशी १५० मैलांहून अधिक वेग गाठला. पुढची सुमारे १५ वर्षे वेगवान ड्रॅगस्टर याच आकाराच्या होत्या.

पण या रचनेत एक धोका होता. चालकाच्या तोंडासमोर इंजिन आणि पायांच्या मध्ये क्लच व गिअर बॉक्स. काही फुटले की सगळे त्याच्या अंगावर. ८ मार्च १९७० रोजी लायन्सच्याच पट्टीवर डॉन गार्लिट्स या आघाडीच्या चालकाच्या गाडीतील ट्रान्समिशन फुटले आणि त्याच्या उजव्या पायाच्या पंजाचा काही भाग तुटला. त्यानंतर गार्लिट्सने इंजिन चालकाच्या मागे नेले. १९७१ मध्ये ती गाडी जिंकू लागली आणि काही वर्षांतच स्लिंगशॉट इतिहासजमा झाली. लायन्सची पट्टीही १९७२ मध्ये बंद झाली.

इंजिने का फुटतात?

साधे इंजिन हवा आत ओढते. सुपरचार्जर ती दाबून भरतो. जास्त हवा, जास्त इंधन, मोठा स्फोट. नायट्रोमिथेन हे इंधन स्वतःबरोबर ऑक्सिजनही आणते, त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जळते. परिणामी पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट यांच्यावर मूळ रचनेत कधीच न धरलेला ताण येतो. मिश्रण थोडे बिघडले तर पिस्टनला भोक पडते. रॉड तुटला तर तो इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. सांडलेले तेल मागच्या टायरखाली गेले की गाडी चालकाच्या हातात राहत नाही.

टायर घसरणे आणि यंत्र तुटणे यांचाही जवळचा संबंध आहे. चाक घसरले की इंजिनावरचा भार क्षणात जातो आणि त्याचे फेरे बेफाम वाढतात. पुढच्या क्षणी टायरने पुन्हा पकड घेतली की त्या फिरणाऱ्या वस्तुमानाला एकदम धक्का बसतो. तो धक्का कुठेतरी झेलावा लागतो. क्लच, गिअर, आस किंवा ड्राइव्हशाफ्ट, जो भाग सर्वात दुबळा असेल तो तुटतो.

चार इंजिनांची गाडी कशासाठी?

पाव मैलाच्या शर्यतींनंतर थॉम्पसनची नजर जमिनीवरील वेगाच्या विक्रमाकडे वळली. त्या वेळी हे क्षेत्र ब्रिटिशांचे होते. कॉबच्या गाडीत विमानाची दोन इंजिने होती. थॉम्पसनकडे तेवढे पाठबळ नव्हते. त्याने चार पाँटियाक व्ही-८ इंजिने घेतली. ही सामान्य मोटारीत मिळणारी इंजिने होती. ती एकाच लांबट, बुटक्या सांगाड्यात बसवून चारही चाकांना ताकद दिली. चार इंजिने, चार गिअर बॉक्स आणि सर्वांचा मेळ घालणारा एकच चालक. गाडीचे नाव चॅलेंजर १. १९५९ मध्ये ती पहिल्यांदा मिठावर धावली. त्या अनुभवानंतर १९६० साठी चारही इंजिनांवर सुपरचार्जर बसवले गेले.

चारही चाकांना ताकद देण्याचे कारण पुन्हा तेच होते, घर्षण. ओलसर मीठ डांबरासारखी पकड देत नाही. दोनच चाकांवर भार टाकला असता तर ती फिरत राहिली असती.

टायरची समस्या तर आणखी बिकट. पाऊण मीटर उंचीचे चाक धरून हिशेब केला, तर ताशी ६५४ किमी वेगाला टायरच्या कडेवरील एक ग्रॅम रबर सुमारे नऊ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढले जाते. जाड रबर असते तर ते सोलून उडाले असते. म्हणून गुडइयरने या गाडीसाठी खास टायर बनवले आणि त्यांच्यावर रबराचा अगदी पातळ थर ठेवला.

परतीची धाव का महत्त्वाची असते?

वारा पाठीमागून असेल किंवा जमिनीला किंचित उतार असेल, तर कोणतीही गाडी अधिक वेगाने जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याच टप्प्यातून एका तासाच्या आत उलट दिशेने दुसरी धाव घ्यावी लागते आणि दोन्हींची सरासरी धरली जाते. या नियमामागे आणखी एक गोष्ट आपोआप तपासली जाते. गाडी एकदा टोकाला जाऊ शकते, की पुन्हा पुन्हा?

थॉम्पसनची पहिली धाव कॉबच्या विक्रमापेक्षा ताशी १२ मैलांहून अधिक वेगवान होती. परतीच्या वेळी ड्राइव्हशाफ्ट तुटला. ड्राइव्हशाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद चाकांच्या आसापर्यंत नेणारा फिरता दांडा. इंजिने पुरेशी होती, टायर टिकले होते, चालक जिवंत होता. मधला एक दुवा निकामी झाला आणि विक्रम हुकला.

त्या उन्हाळ्यात बॉनव्हिलने याहून मोठी किंमतही वसूल केली होती. १ ऑगस्टला ॲथॉल ग्रॅहम हा चालक विक्रमाच्या प्रयत्नात मरण पावला. थॉम्पसननंतर आठवडाभराने डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड गाडी उलटली, पण तो वाचला. त्या तुलनेत तुटलेला दांडा ही स्वस्तातली सुटका होती.

इंडियानापोलिसमध्ये काय घडले?

१९६२ मध्ये थॉम्पसनने इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत मागे इंजिन असलेली गाडी उतरवली. तिच्यात सामान्य मोटारीवरून घेतलेले ब्युइकचे ॲल्युमिनियमचे इंजिन होते. बहुतेक प्रतिस्पर्धी तेव्हा पुढे इंजिन असलेल्या अवजड गाड्या चालवत होते. डॅन गर्नीने आठव्या क्रमांकावरून सुरुवात केली, पण ९२ फेऱ्यांनंतर मागच्या गिअरमधील बिघाडामुळे तो बाहेर पडला. पुन्हा इंजिन नव्हे, मधला दुवा.

१९६३ मध्ये त्याने अवघ्या १२ इंची चाकांवर रुंद, बसके टायर लावले. आज अशा टायरचे कोणाला नवल वाटत नाही, त्या वेळी लोक हसले. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चाके मोठी करावी लागली. वेगात या गाड्यांचा तोल राहत नाही, अशी तक्रार काही चालकांनी केली होती. ३० मे १९६४ रोजी शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत थॉम्पसनच्या संघाची गाडी चालवणाऱ्या २७ वर्षीय डेव्ह मॅकडोनाल्डचा ताबा सुटला. गाडी आतल्या भिंतीवर आदळली, पेट्रोलने पेट घेतला आणि ती जळत ट्रॅकवर परत आली. मागून येणारा एडी सॅक्स तिच्यावर आदळला. दोघांचाही मृत्यू झाला. अपघातामुळे ही शर्यत थांबवण्याची ती पहिलीच वेळ होती. नंतर इंधनाबाबतचे नियम कडक झाले.

थॉम्पसनच्या आयुष्याचा हिशेब मांडताना हा दिवस वगळता येत नाही. आतापर्यंत त्याच्या प्रयोगात काही चुकले तर तो स्वतः धोक्यात असे. भाग मोडायचा, तो दुसरा बनवायचा. इथे प्रयोग दुसऱ्याच्या हातात होता आणि त्याला दुसरी संधी मिळाली नाही.

त्यानंतर त्याने काय केले?

१९६३ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने टायर कंपनी सुरू केली होती. ज्या समस्येने त्याला आयुष्यभर छळले, तीच त्याचा व्यवसाय झाली. ती कंपनी २००३ मध्ये कूपर टायरकडे गेली आणि २०२१ मध्ये कूपर गुडइयरने घेतली. म्हणजे चॅलेंजरचे टायर बनवणाऱ्या कंपनीकडेच आज त्याच्या नावाचा ब्रँड आहे.

विक्रमाचे स्वप्न मात्र दूर जात होते. १९६३ पासून जेट इंजिनाच्या गाड्यांनी बॉनव्हिलवर वेगाचे आकडे कुठल्या कुठे नेले. पिस्टन इंजिनाच्या गाड्यांत १९६५ मध्ये समर्स बंधूंच्या गोल्डनरॉडने ताशी ४०९.२७७ मैलांचा विक्रम केला. तिच्यातही मोटारीची चार इंजिने होती, आणि ती परतही आली. १९६८ मध्ये थॉम्पसनने फोर्डची दोन इंजिने असलेली चॅलेंजर २ बांधली. पण पावसाने मिठाचे मैदान खराब झाले, फोर्डने शर्यतींवरील खर्च आखडता घेतला आणि गाडी गोदामात गेली. १९७३ मध्ये त्याने वाळवंटी शर्यतींसाठी स्कोअर ही संस्था सुरू केली. पुढे मोठ्या स्टेडियममध्ये माती टाकून ऑफ-रोड शर्यती भरवण्याचा व्यवसाय उभा केला.

त्याचा शेवट कसा झाला?

वेगाने त्याला मारले नाही. १६ मार्च १९८८ च्या पहाटे कॅलिफोर्नियातील ब्रॅडबरी येथे घरासमोरच थॉम्पसन आणि त्याची पत्नी ट्रूडी यांची गोळ्या घालून हत्या झाली. दोन मारेकरी सायकलवरून पळून गेले. स्टेडियममधील शर्यतींच्या व्यवसायात थॉम्पसनचा भागीदार राहिलेल्या मायकल गुडविनशी त्याचा वाद न्यायालयात गेला होता आणि निकाल थॉम्पसनच्या बाजूने लागला होता. १९ वर्षांनी, २००७ मध्ये, ही हत्या घडवून आणल्याबद्दल गुडविनला दोषी ठरवून पॅरोलशिवाय जन्मठेप देण्यात आली. त्याने आरोप नाकारले. गोळ्या झाडणारे दोघे कधीच सापडले नाहीत.

अर्धी धाव पूर्ण झाली का?

मृत्यूपूर्वी थॉम्पसन मुलगा डॅनीबरोबर चॅलेंजर २ पुन्हा बाहेर काढण्याची योजना आखत होता. हत्येनंतर ती राहून गेली. अनेक वर्षांनी डॅनीने ती जुनी गाडी उघडली. नायट्रोमिथेनवर चालणारी दोन नवी इंजिने, नवे ट्रान्समिशन, नव्या सुरक्षा व्यवस्था. बॉनव्हिलच्या वार्षिक ‘स्पीड वीक’मध्ये विक्रमासाठी सलग दोन दिवशी दोन धावा द्याव्या लागतात आणि त्यांची सरासरी धरली जाते. म्हणजे एकदा जाऊन भागत नाही, हे तत्त्व तिथेही आहेच.

ऑगस्ट २०१८ मध्ये डॅनीने पहिल्या दिवशी ताशी ४४६.६०५ मैल आणि दुसऱ्या दिवशी ४५०.९०९ मैल वेग नोंदवला. सरासरी ४४८.७५७ मैल, म्हणजे सुमारे ७२२ किमी. पिस्टन इंजिनाच्या गाडीसाठी तो त्या वेळचा नवा विक्रम होता. दुसरी धाव संपली तेव्हा सगळे दुवे शाबूत होते. इंजिने आणि टायर नवे होते. सांगाडा मात्र वडिलांनी १९६८ मध्ये बांधलेलाच होता.